परीराज्य, पोरंबाळं आणि पाऊस

फँटसी लिहिणाऱ्या लेखकाची मुलाखत वाचलीय कधी? ड्रॅगन, चेटकिणी, सात राज्यं, तीन महायुद्धं असं सगळं विचारून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला. ‘लेखन आणि कुटुंब यांचा मेळ कसा घालता?’

उत्तरही ठरलेलं. पहाटे पाचला उठतो, आठपर्यंत लिहितो, मग मुलांना शाळेत सोडतो. शनिवार-रविवार फक्त घरच्यांसाठी.

अख्ख्या मुलाखतीतली अस्सल फँटसी ती हीच.

त्यातून लेखक आयर्लंडमध्ये राहणारा असेल तर उत्तराला एक शेपूट जास्तीचं. ‘सुट्टीत आम्ही सगळे मिळून भटकतो. किल्ले, कडे, जुनी दगडी वर्तुळं. मुलांना फार आवडतं.’

मुलांना कुणी विचारलं?

बँकेतला माणूस सहलीला गेला की बँक मागे राहते. डेंटिस्ट समुद्रावर गेला की लोकांचे दात बघत बसत नाही, निदान उघडपणे तरी. फँटसीवाल्याची गोष्ट वेगळी, आणि आयर्लंडमध्ये तर विचारूच नका. स्लायगोत ज्या टेकडीच्या पायथ्याशी डबा उघडावा तिच्या माथ्यावरच्या दगडांच्या ढिगाखाली म्हणे पुराणकथेतली मीव्ह राणी पुरलेली. वेस्टमीथमध्ये ज्या तळ्याकाठी पोरांना बदकं दाखवायला न्यावं, तिथे राजाची चार मुलं हंस होऊन तीनशे वर्षं पोहलेली. बायकोला वाटतं आपण सहलीला आलो. नवरा ऑफिसला आलेला असतो.

ऑफिसात बसलेल्या नवऱ्याशी बोलून कधी कुणाचं भलं झालंय?

काउंटी क्लेअरमधला कुठलाही रविवार घ्या. रस्त्याकडेला गाडी उभी. मागच्या सीटवर दोन पोरं, मध्ये चीज-अँड-अनियन वेफर्सची फुटलेली पिशवी. लोणी लावलेल्या पावात वेफर्स दाबायचे आणि खायचे, हा तिथला लाडका खाद्यप्रकार. हसू नका, पावात बटाटा घालणारे आपण कोण लागून गेलो! काचांना आतून वाफ, बाहेरून पाणी. बाहेर गवताचा एक गोल बांध, बांधावर काटेरी झुडूप आणि झुडपाभोवती टोपी ओढून घिरट्या घालणारे बाबा. ‘पाचच मिनिटं’ सांगून गेलेले. थोरलीला शू लागलीय, धाकट्याला मळमळतंय. आईने हीटर लावायला हात पुढे केला, तर गाडीची किल्ली बाबांच्या खिशात.

पुढच्या कादंबरीत या प्रसंगाचं काय होतं? एकाकी वीर धुक्यात प्राचीन वर्तुळापाशी उभा राहतो.

गाडी नाही, पोरं नाहीत, शू नाही.

तो गोल बांध म्हणजे ‘फेअरी फोर्ट’. खरं तर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घराचं कुंपण. शेतकरी गेला, परीलोक राहायला आला, असा तिथला समज. झुडूप तोडलं तर घरावर अरिष्ट येतं म्हणतात. १९९९ साली याच क्लेअरमध्ये नवा हमरस्ता होत होता. वाटेत एक काटेरी झुडूप आलं. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्याने आवाज उठवला, की ही परीसैन्याची भेटायची जागा आहे, हात लावाल तर रस्त्यावर अपघात होतील. झुडूप वाचलं, रस्त्याने अंग चोरलं.

एका झुडपासाठी सरकार वळण घेतं. लेखक मात्र मुलाच्या उलटीसाठी परत वळत नाही.

आणि पाऊस! वर्षात पूर्व किनाऱ्यावर साधारण १५० दिवस ओले, पश्चिमेला काही ठिकाणी २२५. म्हणजे सुंदर सगळं पश्चिमेला आणि कोरडं सगळं पूर्वेला. ‘वातावरण काय आहे बघा!’ असं म्हणत भिजणारा एकटा लेखकच. वातावरण नंतर मोजेबूट होऊन रेडिएटरवर वाळत पडतं. ते कोण वाळत घालतं?

आयरिश पुराणकथांना हा धोका फार आधी कळला होता. ओशीन नावाचा वीर एका परीच्या घोड्यावर बसून ‘तीर ना नोग’ला, चिरतारुण्याच्या देशात गेला. तीन वर्षं मजेत राहिला. घरची आठवण आली म्हणून परतला, तर इकडे तीनशे वर्षं उलटलेली. घोड्यावरून पडला, जमिनीला अंग लागलं आणि क्षणात जख्ख म्हातारा झाला.

ही परीकथा नव्हे. कादंबरीचा तिसरा भाग संपवून खोलीबाहेर आलेल्या बापाचं हे वर्णन आहे. पोरगी तोवर शाळेच्या शेवटच्या, लीव्हिंग सर्टच्या परीक्षेला बसलेली असते.

हंस झालेल्या त्या चार मुलांचीही गोष्ट तीच. सावत्र आईने शाप दिला, नऊशे वर्षं भोगला पोरांनी. बाप काय करत होता? तळ्याकाठी येऊन पोरांचं गाणं ऐकत होता.

आता मेळ कसा घालायचा ते ज्याला खरंच जमलं त्याच्याकडे वळू. लॉर्ड डनसेनी. १९०५ साली ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ हे पुस्तक त्याने पदरचे पैसे घालून छापलं आणि आधुनिक फँटसीचा एक पाया घातला. पुढे नव्वदच्या आसपास पुस्तकं लिहिली. शिवाय शिकार, क्रिकेट, नेमबाजी आणि बुद्धिबळ. बुद्धिबळ इतकं पक्कं, की दिग्गज खेळाडू कापाब्लांका एकाच वेळी अनेकांशी खेळत असताना त्याच्याविरुद्ध बरोबरी साधली. मुलगा होता, संसार होता, पाहुणेरावळे होते. कसं जमवलं?

काउंटी मीथमध्ये बाराव्या शतकापासूनचा खानदानी किल्ला होता, असं जमवलं.

आणखी एक. स्वतः तासलेल्या पिसाच्या लेखणीने हा गडी लिहायचा आणि लिहिलेलं पुन्हा जवळजवळ तपासायचाच नाही. ते हस्ताक्षर आधी वाचायची आणि टाइप करायला हात लावायची त्याची पत्नी बिअॅट्रिस. ‘पहिला खर्डाच शेवटचा’ म्हणून समीक्षक त्याचं कौतुक करतात. टाइपरायटरपाशी बसलेलीला विचारलं असतं तर खर्डे किती झाले हे कळलं असतं.

किल्ला नसलेल्यांनी काय करायचं? मित्राच्या घरी जाऊन राहायचं. डीन स्विफ्टने तेच केलं. काउंटी कॅव्हनमध्ये क्विल्का नावाचं थॉमस शेरिडनचं घर होतं. तिथे राहून ‘गलिव्हर’वर हात फिरवला, जे १७२६ साली बाहेर पडलं. बोटभर माणसं आणि ताडमाड माणसं रचता रचता या पाहुण्याने आणखी काय लिहावं? त्या घरातल्या गैरसोयींची भलीमोठी यादी! कुलपं धड नाहीत, धुराडं धड नाही, नोकर धड नाहीत.

फुकट राहायचं, जागतिक साहित्य लिहायचं आणि वर यजमानाच्या घराला नावं ठेवायची. सहलीला आलेल्या लेखकाचा तो पहिला नोंदलेला रिव्ह्यू म्हणायला हरकत नाही.

डब्लिनच्या ब्रॅम स्टोकरचं तर विचारूच नका. सरकारी कारकुनी करायचा. पहिलं पुस्तक कोणतं? आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांतल्या कारकुनांची कर्तव्यं सांगणारं. ‘ड्रॅक्युला’हून भयंकर, असं वाचणाऱ्यांचं मत पडावं. १८७८च्या डिसेंबरात लग्न केलं आणि आठवड्याच्या आत बायकोसह निघाला, तो मधुचंद्राला नव्हे, तर हेन्री आयर्विंग या नटाकडे नोकरीला. त्या नाटकमंडळीचा कारभार सत्तावीस वर्षं पाहिला. ‘ड्रॅक्युला’ लिहिला तो सुट्ट्यांमधल्या आणि रात्रींच्या उरल्यासुरल्या वेळात, सात-एक वर्षं लावून. एकुलता एक मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवलं?

आयर्विंग. साहेबाचं.

पोराने पुढे ते नाव टाकून दिलं आणि नोएल एवढंच लावलं. रक्त पिणारा सरदार कुठून सुचला म्हणून संशोधक अजून रुमानियाच्या फेऱ्या मारतात. अरे, ऑफिसात बघा की!

पण सगळ्यांवर ताण केली ती फ्लॅन ओब्रायनने. हा माझ्या धंद्यातला. ‘आयरिश टाइम्स’मध्ये वर्षानुवर्षं सदर लिहायचा, म्हणून जरा ममत्व. खरं नाव ब्रायन ओ’नोलन, नोकरी सरकारी. बारा भावंडं. १९३७ साली वडील अचानक गेले आणि आई अन् लहान भावंडांचा भार याच्या पगारावर आला. अशा घरात बसून त्याने ‘द थर्ड पोलिसमन’ लिहिली. माणूस सायकलवर फार बसला की त्याचे अणू सायकलीत मिसळतात आणि तो हळूहळू सायकल होत जातो, असलं काहीबाही त्यात आहे. दिवसा मंत्र्यांच्या फायली, संध्याकाळी घरभर माणसं आणि रात्री हे. याहून चांगला मेळ कुणी घातला असेल?

प्रकाशकाने १९४० साली बाड परत पाठवलं. कारण? लेखकाने अद्भुताचा सोस कमी करावा अशी अपेक्षा होती, त्याने तर वाढवला!

आता नाकारलं गेलं हे चारचौघांत सांगायचं कसं? त्याने लोकांना थापा मारल्या. हस्तलिखित हरवलं म्हणाला. त्यातली एक थाप तर अशी, की डोनेगॉलमध्ये गाडीने फिरायला गेलो होतो, डिकी उघडी राहिली आणि पानं एकेक करून वाऱ्यावर उडून गेली. बघा, सहल कशी कामी येते! मुलाखतीतले लेखक सांगतात, भटकंतीतून पुस्तक मिळालं. याचं पुस्तक भटकंतीत गेलं.

गेलं कुठे? घरातच होतं. जेवणघरातल्या फडताळावर, डोळ्यांसमोर. तो रोज त्यासमोर बसून जेवला असणार. १९६६ साली वारला, तारीख १ एप्रिल. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोच्या हातून पुस्तक जगासमोर आलं आणि आज ते अभिजात म्हणून शिकवतात.

बायका फडताळ पुसतात म्हणून साहित्य टिकतं. कुठल्याही वाङ्मयेतिहासात हे वाक्य सापडायचं नाही.

मध्येच एक टाचणी पर्यटनवाल्यांना. क्लेअरच्या खडकाळ बरेन भागात ‘पोल ना गोलम’ नावाची गुहा आहे. टॉल्किनला त्याचा गोलम इथेच सुचला, असं तिथे हौसेने सांगतात. टॉल्किन गॉलवेच्या विद्यापीठात बाहेरचा परीक्षक म्हणून यायचा, बरेनमध्ये फिरायचा, हे खरंच. पण पहिल्यांदा आला १९४९ साली. गोलम ज्यात आहे ते ‘हॉबिट’ छापून झालं १९३७ साली. बारा वर्षं आधी!

पेपर तपासायला आलेल्या प्रोफेसरला लोक प्रेरणा घेऊ देतात, पण गुणांची बेरीज करायला वेळ देत नाहीत. घरात चार मुलं होती, म्हणून परीक्षकाची जादा कामं तो वर्षानुवर्षं करत राहिला. ‘हॉबिट’चं पहिलं वाक्यही एका विद्यार्थ्याने कोऱ्या सोडलेल्या पानावर उतरलं. त्या विद्यार्थ्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. घरी कुणी कोरं पान सोडतं का?

सी. एस. लुईस मूळचा बेलफास्टचा. नार्नियाचे डोंगर म्हणजे काउंटी डाउनमधले मोर्न डोंगर, असं तिकडचे अभिमानाने सांगतात, आणि त्या दाव्यात दम आहे. पण नार्निया लिहिलं गेलं ते ऑक्सफर्डच्या घरात. युद्धात पडलेल्या मित्राला दिलेल्या शब्दाखातर त्याची आई लुईसने तीसेक वर्षं सांभाळली. ती बाई दर थोड्या वेळाने हाक मारायची. कुत्र्याला फिरवून आण, भांडी धू, कोळसा बघ. थोरला भाऊ डायरीत चरफडायचा, की एवढा विद्वान माणूस आणि मोलकरणीसारखा राबतो!

विद्वान बाई असती तर चरफडला असता का?

१९५८च्या उन्हाळ्यात लुईस जॉयला, कॅन्सरमधून नुकती उठलेल्या बायकोला, घेऊन आयर्लंडला आला. उशिराचा मधुचंद्र. क्रॉफर्ड्सबर्नच्या जुन्या खानावळीत उतरले. तिला डोंगर दाखवले, समुद्र दाखवला. नार्नियाचे सातही भाग तोवर छापून झालेले. यादी करायला, टिपणं घ्यायला काही उरलंच नव्हतं.

या सगळ्या टोळीतली खरी सहल मला तेवढी एकच दिसते.

आता बाईंकडे या. अॅन मॅकॅफ्री. १९६८ साली ह्यूगो पुरस्कार मिळवणारी पहिली लेखिका, ड्रॅगनवर स्वार होणाऱ्यांची गोष्ट लिहिणारी. ड्रॅगन असूनही माझं लेखन फँटसी नव्हे, विज्ञानकथा आहे, असं ठणकावून सांगायची. सांगू दे, घर चालवणाऱ्या बाईशी वाद कोण घालतो?

१९७० साली घटस्फोट घेऊन, दोन धाकटी मुलं बरोबर घेऊन ती अमेरिकेतून आयर्लंडला आली. पुढे आईही आली. देश कुठला निवडला पाहा: जिथे घटस्फोटाला राज्यघटनेचीच बंदी होती आणि ती बंदी १९९५च्या सार्वमतापर्यंत हटली नाही! मग का आली? वर्षभरापूर्वी अर्थमंत्री चार्ल्स हॉहीने लेखक-कलावंतांचं कलेतलं उत्पन्न आयकरमुक्त केलं होतं. निसर्ग, हिरवळ, पुराणकथा, सगळं ठीक आहे हो. बाई हिशेब करून आली.

सुरुवातीला पैशांची ओढाताण, भाड्याची घरं. १९७३ साली तिने संपादित केलेलं पुस्तक कोणतं, ओळखा. विज्ञानकथा लेखकांच्या पाककृती! ह्यूगो मिळवलेल्या पुरुषाने त्या काळी असलं पुस्तक काढलं असतं, तर प्रयोगशील म्हणून गौरव झाला असता. बाईने काढलं की स्वयंपाक.

मग पुस्तकं खपू लागली. १९७८च्या ‘द व्हाइट ड्रॅगन’ने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत जागा पटकावली, विज्ञानकथेला तेव्हा सहसा न मिळणारी. काउंटी विकलोमध्ये घर झालं, घराचं नाव ड्रॅगनहोल्ड. ड्रॅगनच्या पैशाने झालेलं, मग नाव दुसऱ्या कुणाचं देणार? तबेला झाला, घोडे झाले. सहलीला जायची भानगडच तिने मिटवून टाकली. ड्रॅगनवर बसून उडणं कसं लागतं हे लिहिण्यासाठी ढगांत जायची गरज काय? घोड्यावर बसावं, पडावं, घरी येऊन टेबलाशी बसावं.

मुलाचं काय झालं? मधला टॉड याने २००३ पासून आईबरोबर त्याच ड्रॅगनांवर पुस्तकं लिहिली. कुटुंबाला वेळ देण्याचा हा एक मार्ग मुलाखतीत कुणी सांगत नाही. पोराला कामाला लावा!

आणि मुलाखती घेणाऱ्यांनी तिला घराबद्दल किती वेळा विचारलं असेल? डनसेनीला कुणी विचारलं होतं का, की बुद्धिबळाच्या दिवशी मुलाला कोण बघतं?

आजचे लेखक म्हणतील, हा जुना काळ झाला, आता आम्ही घरकामात अर्धा वाटा उचलतो. बरं. मग आयरिश प्राथमिक शाळेचं वेळापत्रक सांगा पाहू. पहिल्या दोन वर्गांची पोरं साधारण दीडला सुटतात, वरच्या वर्गांची अडीचला. दोन मुलं असतील तर दोन फेऱ्या, मधला एक तास गाडीत. त्या तासात कादंबरी होत नाही, फार तर नकाशा होतो. प्रत्येक फँटसीच्या सुरुवातीला नकाशा का असतो, हे आता ध्यानात आलं?

वेक्सफर्डचा ओवेन कोल्फर शहाणा. तो स्वतःच प्राथमिक शाळेत मास्तर होता. पोरांबरोबरच सुटायचा, मग घरी येऊन लिहायचा. परीलोकाला पोलीसदल आणि त्यांना छळणारा बारा वर्षांचा गुन्हेगार, अशी ‘आर्टेमिस फाउल’ २००१ साली आली आणि मास्तरकी सुटली. बारा वर्षांचा गुन्हेगार कुठे भेटला, असं मास्तरला विचारू नये. डेरेक लँडी आईवडिलांच्या भाजीपाल्याच्या शेतावर राबत होता, तिथून २००७ साली सांगाड्याच्या रूपातला गुप्तहेर घेऊन बाहेर आला. थंडीत कोबी काढलेल्या माणसाला सांगाडा सुचायला वेळ लागत नसावा.

दोघांनाही प्रेरणेसाठी कडे-किल्ले गाठावे लागले नाहीत. नोंद घ्या.

आणि उन्हाळ्याची सुट्टी? प्राथमिकला जुलै-ऑगस्ट, माध्यमिकला जूनपासूनच. लेखकाचा हस्तलिखिताचा वायदा कधीचा असतो? सप्टेंबरचा. पाळणाघराची फी काय पडते, ते डब्लिनमधल्या आपल्या मराठी आयटीवाल्यांना विचारा. ते आधी सुस्कारा टाकतील, मग आकडा सांगतील. त्यांनी तोड काढलीय. आजी. पण आजीचा व्हिसा नव्वद दिवसांचा. एक्क्याण्णवाव्या दिवशी तिथल्या पऱ्यासुद्धा पोर सांभाळायला येत नाहीत. आयरिश कथांत त्या पोर पळवून बदली पोर ठेवतात.

काही आयांना तो सौदाही परवडेल.

मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तोही दोनदा. लिओ वराडकर. कुठल्याही प्रकाशकाने हे कथानक अद्भुताचा सोस म्हणून परत पाठवलं असतं. पण पाळणाघराचं गणित त्याच्याही काळात काही सुटलं नाही.

म्हणजे सरकार काहीच करत नाही असं नाही. २०२२ साली आयर्लंडने दोन हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली. निवड कशी? सोडत काढून! न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षांच्या दगडी थडग्यात डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्योदयाला सूर्यकिरण आत शिरतो, तो बघायलाही सोडतच. हजारोंमधून मोजक्यांचा नंबर लागतो. नंबर लागला, कुटुंबाला अंधारात उठवलं, थंडीत मीथपर्यंत नेलं, आत उभं केलं आणि नेमके ढग आले, तर?

तर अंधार बघून घरी यायचं. लेखकाचं मात्र प्रकरण लिहून होतं.

स्केलिग मायकेल बेटावर जाऊ म्हणता? सहाशेच्यावर पायऱ्या, समुद्र खवळला तर होडी रद्द आणि बेटावर संडास नाही. भिक्षूंनी तिथे मठ बांधला तो एकांतासाठी. लहान मुलं नव्हती त्यांना, म्हणून जमला.

मुलांना खरंच काय आवडतं ते मीथमध्येच बघून घ्या. टारा टेकडी तिथे, न्यूग्रेंज तिथे, डनसेनीचा किल्ला तिथे. आणि बटाटा वेफर्सच्या कंपनीच्या नावाने २०१० साली उघडलेली बागही तिथेच. पूर्वी टेटो पार्क, २०२३ पासून एमरल्ड पार्क. तिथे २०१५ पासून एक अवाढव्य लाकडी रोलरकोस्टर आहे. नाव ‘कूहुलिन’. आयरिश महाकाव्याचा सर्वांत मोठा योद्धा, एकट्याने सैन्य अडवणारा, मरतानाही दगडाला स्वतःला बांधून उभा राहिलेला.

त्याच्या अंगाखांद्यावर आता पोरं किंचाळतात. लेखक बाप नाक मुरडून म्हणतो, पुराणकथेचा बाजार मांडलाय. आणि स्वतः काय मांडतो? पाच भाग, वर नकाशा.

निदान रोलरकोस्टरवर पोरांच्या शेजारी बसावं लागतं. पट्टा आवळलेला असतो, वही काढता येत नाही, ‘पाचच मिनिटं’ म्हणून उतरता येत नाही. माझ्या मते आयर्लंडमधली फँटसी लेखकासाठी सर्वांत उत्तम कौटुंबिक सहल हीच.

करसवलत अजून आहे बरं का. मॅकॅफ्रीच्या वेळी मर्यादा नव्हती, पुढे कात्री लागत गेली, आता वर्षाला पन्नास हजार युरोपर्यंतच्या कमाईवर आयकर नाही. कशाच्या कमाईवर? आयरिश महसूल खात्याची यादी नेटकी आहे: पुस्तक वा अन्य लेखन, नाटक, संगीतरचना, चित्र, शिल्प. काम अस्सल आणि सर्जनशील हवं. पाच प्रकार, सहावा नाही. लेखकाचं घर चालावं म्हणून नोकरी करणाऱ्या, दीडला एक आणि अडीचला दुसरं पोर आणणाऱ्या जोडीदाराच्या पगारातून कर रीतसर कापला जातो.